हौदातली सहा पावलं

परवा अल ऐनला एका ओळखीच्यांकडे साखरपुड्याचं जेवण होतं. तिथे कुणीतरी माझी ओळख करून दिली, "हेच ते. बुटांसकट पाण्यात उडी मारून माणूस वाचवला यांनी." दोन-चार जण कौतुकानं वळले. मी ताट तसंच ठेवलं आणि हात धुवायला उठलो.

उडी मारली हे खरं आहे. तिचा व्हिडिओ बऱ्याच लोकांच्या फोनमध्ये आहे. पण तो व्हिडिओ मी पाण्यात पडतो तिथून सुरू होतो. त्याआधी मी काठावर किती वेळ उभा होतो, हे त्यात नाही. ते मी इथे लिहून ठेवतो आहे.

फुजैराकडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक गरम पाण्याचा झरा आहे. अमिरातींचा हा देश नवा होता तेव्हा त्या झऱ्यावर सार्वजनिक स्नानगृह बांधलेलं होतं. बायकांचा हौद वेगळा, पुरुषांचा वेगळा. वर घुमट, घुमटाला गोल झरोके, खाली निळ्या-हिरव्या फरशा. सांधेदुखीची माणसं लांबून येऊन त्यात बसायची म्हणे. पुढे हॉटेलांमधून गरम पाण्याचे तलाव झाले आणि हे बंद पडलं. ते पाडायचं नाही, जपायचं, असं वर कुठेतरी ठरलं आणि दुरुस्तीचं काम आमच्या काँट्रॅक्टिंग कंपनीकडे आलं. पाइप, पंप आणि पाण्याचं सगळं माझ्याकडे होतं.

माझ्या हाताखाली एक प्लंबर होते. पन्नाशी ओलांडलेले, राजापूरच्या बाजूचे, बुटके, अंगानं काटक. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. पुरुषांच्या हौदाच्या खोल बाजूला, भिंतीत तळालगत झऱ्याचं तोंड होतं. ते गाळानं आणि चुन्याच्या थरानं असं बुजलेलं की नकाशात असूनही कुणाला सापडेना. मिस्त्रींनी भिंतीला कान लावून ते शोधलं. आठ दिवस छिन्नीनं खरवडून मोकळं केलं आणि त्याला चिंध्या गुंडाळलेला एक लाकडी दट्ट्या करून बसवला. दट्ट्या काढला की ऊन पाण्याचा लोट येई आणि सगळ्या हौदात गंधकाचा वास पसरे. काम संपत आलं तेव्हा ते रोज सकाळी आधी त्या दट्ट्यावर तळवा ठेवत आणि मग कामाला लागत.

उद्घाटनासाठी एक कलाकार बाई आल्या. बैरूतच्या, पण राहणं युरोपात. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांचं सादरीकरण रंगमंचावर होणारं नव्हतं. ते त्याच हौदात व्हायचं आणि दुसरीकडे कुठेही करता येणार नाही असंच असायला हवं, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. पाच नर्तक आणि एक कामगार हौदात उभे राहणार. पाणी कमरेला असेल. मग झऱ्याचा दट्ट्या काढायचा, पंप चालू करायचा आणि ते हळूहळू चढत जाईल. कुणी हलायचं नाही. पाणी हनुवटीला आलं की वरच्या सज्जातून मॅडम घंटा वाजवतील. एकेका घंटेला एकेकानं पाठीवर तरंगायचं. सगळ्यात शेवटी कामगार. ज्या हातांनी हा झरा मोकळा केला ते हात शेवटी पाण्यावर दिसले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते आवडलं होतं. अजूनही आवडतं, आणि त्याचीही लाज वाटते.

त्यांनी बोट केलं ते मिस्त्रींकडे. मग मला विचारलं, याला पोहता येतं का?

मी हसलो. मी बार्शीकडचा. आम्हा घाटावरच्या लोकांच्या डोक्यात कोकण म्हणजे समुद्र, नारळ, मासे आणि जन्मताच पोहणारी माणसं. मी म्हणालो, "मॅडम, ही इज फ्रॉम कोकण. सी पीपल. ऑफ कोर्स ही स्विम्स."

मिस्त्री शेजारीच पान्हा घेऊन उभे होते. मी वळून म्हणालो, "काय मिस्त्री, खरं ना?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच, साहेब."

मराठी न कळणाऱ्या मॅडमना तो स्वर विनयाचा वाटला. मला तर काहीच वाटलं नाही. बाकीच्या कामगारांनी गलका केला. एकजण ओरडला, "मिस्त्री, आता गावात बॅनर लागणार! फोटो टोपी घालून काढा, टक्कल चमकतं!" मिस्त्रींनी त्याला पान्हा दाखवला आणि हसले. खूश होते ते. घरी फोन करून बायकोला सांगितलं, हे मी स्वतः ऐकलं.

सेफ्टीचा फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मी भरला. 'पोहता येते' यापुढच्या चौकोनात खूण मी केली. त्यांनी खाली मराठीत सही केली, मी बोट ठेवलं तिथे.

तालमी दहा-बारा दिवस चालल्या. हौद पूर्ण भरायला आणि परत रिकामा करायला फार वेळ जायचा, म्हणून पाणी कमरेपर्यंतच ठेवत. तरंगण्याची तालीम कोरड्या फरशीवर व्हायची. सगळे पाठीवर झोपत, हात पसरत, श्वास मोजत. मिस्त्री ते इतकं स्थिरपणे करायचे की मॅडम नर्तकांना म्हणाल्या, याच्याकडून शिका.

हौदाची रचना सांगायला हवी. अर्धा भाग उथळ होता, मग एक उंच पायरी आणि पुढे खोल भाग. नर्तक खोल भागातच, पण पायरीच्या जवळ उभे राहत. मिस्त्रींची जागा खोल भागाच्या मधोमध होती. तिथून पायरी सहा पावलांवर. मी नंतर मोजली.

कार्यक्रम अस्रच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजेनंतर सुरू होऊन मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानीआधी संपायचा होता, कारण त्या वेळात झरोक्यांतून ऊन तिरकं आत येतं. त्या दुपारी आम्ही पंपाच्या खोलीबाहेर कडक चहा घेत बसलो होतो. मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, पाणी कुठवर चढवणार?"

हे ते तिसऱ्यांदा विचारत होते. मी म्हणालो, "हनुवटीपर्यंत. मग घंटा. मग तरंगायचं."

"तरंगायचं म्हणजे फरशीवर निजतो तसंच ना? पाणी आपोआप धरतं ना माणसाला?"

माझा चहाचा घोट तोंडातच राहिला.

"मिस्त्री, गावाकडे तुम्ही पोहायचात कुठे?"

"आमचं गाव सड्यावर, साहेब. सगळा कातळ. शिमगा सरला की विहिरीचा तळ दिसतो. बायका हंडा घेऊन रांगेत."

"आणि समुद्र?"

"हाय ना समुद्र. एस्टीनं दोन तास. दोनदा गेलोय, देवाला." आणि ते हसले. सांगायचं ते त्यांनी असं सांगितलं होतं. यापेक्षा सरळ सांगितलं असतं तर मी मॅडमसमोर खोटा पडलो असतो, आणि ते त्यांना करायचं नव्हतं.

मला कळलं होतं. पोहता येतं का, असं सरळ विचारलं असतं तर सरळ उत्तर मिळालं असतं. म्हणूनच मी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर मला सज्जात जाऊन मॅडमना सांगावं लागलं असतं, की फॉर्मवरची खूण मी न विचारता केली. पाहुणे यायला पाऊण तास होता. आमचे मॅनेजर पुढच्या रांगेत बसणार होते. माझी बायको आणि मुलगी रास अल खैमाहून निघाल्या होत्या, माझं काम बघायला.

मी म्हणालो, "काळजी करू नका. पंप माझ्या हातात आहे. पाणी तुमच्या छातीवर आलं की मी बंद करतो. मॅडमना काय, पाच-सहा इंचांचा फरक वरून कळत नाही. घंटा झाली की तुम्ही नुसते हात पसरा, पाय टेकलेलेच राहू द्या."

"झऱ्याचं काय? दट्ट्या तर मॅडम काढायलाच लावणार."

"झऱ्याचं पाणी मी मोजलंय. त्यानं फार तर बोटभर चढेल."

"वाढलाय तो, साहेब."

"मोजलंय म्हटलं ना."

"बरं," ते म्हणाले. पेला खाली ठेवला आणि कपडे बदलायला गेले.

मी मोजलं होतं महिनाभरापूर्वी, अर्धं तोंड बुजलेलं असताना.

लोक आले. शेख मंडळी, युरोपियन, मुलंबाळं घेऊन आलेली कुटुंबं, आमच्यातलेही काही. सगळे हौदाभोवती दोरीमागे उभे राहिले. बोलायचं नाही अशी सूचना होती. मिस्त्री आपल्या निळ्या डांगरीत हौदात उतरले, चालत खोल भागात गेले, वाकून दट्ट्या काढला, तो भिंतीवर ठेवला आणि परत येऊन आपल्या जागी उभे राहिले. आता पाणी वर गेल्यावर तो परत बसवणं शक्य नव्हतं, हे मला आणि त्यांनाच माहीत होतं. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मी पंपाच्या चावीपाशी, कोपऱ्यात. माझी मुलगी दोरीखालून सरकून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. सतरा वर्षांची आहे.

मी पंप चालू केला. पाणी चढायला लागलं. इतकी शांतता होती की पाण्याचा भिंतीवर चढण्याचा आवाज येत होता. ऊन झरोक्यांतून उतरलं आणि त्या सहा माणसांच्या खांद्यांवर पडलं. मी मिस्त्रींच्या डांगरीच्या खिशाकडे बघत होतो. खिसा बुडाला. वरचं बटण बुडालं. मी पंप बंद केला. कुणाला कळलं नाही.

मिस्त्रींनी पापण्या हलवून मला खूण केली. मीही मान हलवली.

आणि पाणी चढतच राहिलं.

आधी वाटलं भास आहे. भिंतीवर फरशांची एक गडद रांग होती, ती मी धरून ठेवली. थोड्या वेळानं ती रांग गेली. झऱ्याच्या तोंडाशी पाण्याचा फुगवटा दिसत होता. मिस्त्रींच्या कॉलरला पाणी लागलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. घाबरलेले नव्हते. पंप बंद करतो म्हणालात ना, एवढंच त्या बघण्यात होतं. मी हात थोडासा वर केला. थांबा, अशा अर्थानं. त्यांना काय कळलं कोण जाणे. ते थांबले.

तेव्हा पायरी सहा पावलांवर होती आणि पाणी गळ्याशी होतं. मी 'या' म्हटलं असतं तर ते चालत आले असते. एवढा एक शब्द. माझ्या तोंडात तो तयार होता आणि मी तो धरून ठेवला. मनात म्हणत होतो, अजून दोन इंच. पहिली घंटा झालीच. मग भराभरा होईल. घंटा झाली. पहिला नर्तक पाठीवर गेला. लोकांनी श्वास सोडला. दुसरी घंटा व्हायला युगं लागली.

मिस्त्री टाचा उचलून उभे राहिले. हनुवटी वर केली. त्यांचं टक्कल उन्हात चमकलं आणि कुणीतरी फोन वर धरला.

मुलगी कुजबुजली, "बाबा, इज ही ओके?"

"अभिनय आहे तो," मी म्हणालो.

हे वाक्य मी कुठेच लपवू शकत नाही. फॉर्म चुकून भरला असं म्हणता येतं. झऱ्याचा हिशेब चुकला असं म्हणता येतं. पण हे मी बघत असताना म्हणालो.

तिसरी घंटा. चौथी. पाचवी. नर्तक डोळे मिटून, कान पाण्यात घालून तरंगत होते, त्यांना काहीच कळत नव्हतं. मॅडमना सज्जातून मिस्त्रींची पाठ दिसत होती, स्थिर. मिस्त्रींचं तोंड पाण्याखाली गेलं आणि परत वर आलं. ते खोकले नाहीत. खोकायचं नाही, आवाज करायचा नाही असं सांगितलं होतं ना. परत खाली गेले. या वेळी हात वर आले, बोटं पसरलेली.

"ही इज नॉट अ‍ॅक्टिंग!" माझी मुलगी ओरडली. सगळ्या घुमटभर तो आवाज फिरला. "बाबा, गो! ही इज ड्राउनिंग!"

मग मी उडी मारली.

पुढचं लोकांना माहीत आहे. जे माहीत नाही ते असं. मी सहा फूट उंच आहे. त्या जागी पाणी मला हनुवटीला लागत होतं. मला पोहावं लागलंच नाही. मिस्त्रींनी माझी मान आवळली, आम्ही दोघं एकदा खाली गेलो, माझे बूट तळाला टेकले. मी त्यांना काखेतून उचललं आणि चालत पायरीपाशी आणलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

वर आलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. बऱ्याच जणांना वाटलं, हा त्याचाच भाग. मग मिस्त्रींना उलटी झाली आणि टाळ्या थांबल्या. एका वयस्क अरब गृहस्थानं डोक्यावरचा रुमाल काढून त्यांच्या छातीवर टाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, "माशाल्ला, हबीबी! माशाल्ला!" मॅडम जिना उतरून धावत आल्या आणि फरशीवर बसून रडायला लागल्या. माझी बायको माझा हात धरून होती. मुलगी लांब भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याजवळ आली नाही.

हॉस्पिटलात मिस्त्रींना ऑक्सिजन लावला. फुप्फुसात पाणी गेलंय, पण धोका टळलाय, दोन दिवस ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. तासाभरात कार्यक्रमाचा सेफ्टी ऑफिसर फॉर्म घेऊन आला, बरोबर आमचे मॅनेजर. ऑफिसर कॉटजवळ वाकून हिंदीत म्हणाला, "चाचा, बस दो सवाल. आपको तैरना आता है, यह आपने ही बोला था ना?"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मास्क बाजूला केला.

"हाँ जी. मैंने ही बोला था. पाँव फिसल गया."

ऑफिसर लिहायला लागला. मॅनेजरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "खलास, मिटलं. सुटलो. आणि तुझ्यामुळे सुटलो, बरं का."

खरंच सुटलो होतो. मिस्त्री जिवंत होते, आणि कागदावर पाय घसरला होता. मी नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढं मला त्या दिवशी चांगलं जमलं होतं. काचेच्या दारातून बाहेरच्या बाकावर माझी मुलगी दिसत होती. ती फोनकडे बघत नव्हती. आत बघत होती.

"एक मिनिट," मी ऑफिसरला म्हणालो. "पाय घसरला नाही."

मिस्त्री घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या ना, साहेब. झालं ते झालं. कशाला आता?"

मी कॉटच्या कडेला बसलो. माझे कपडे अजून ओलेच होते, गंधकाचा वास येत होता त्यांना.

"मिस्त्री, तुम्हाला पोहता येतं का?"

त्यांनी मान वळवली. "साहेब..."

"मी विचारतोय. पोहता येतं का तुम्हाला?"

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"नाय."

"क्या बोला?" ऑफिसरनं विचारलं.

मी सांगितलं. मग हेही सांगितलं की खूण मी केली, न विचारता; की दुपारी चहाच्या वेळी मला कळलं होतं; की पंप बंद केल्यावरही पाणी चढतंय हे मी पाहत होतो आणि त्यांना हातानं थांबवलं. तो लिहीत गेला. मॅनेजरचा हात खांद्यावरून कधी निघाला ते मला समजलं नाही. मिस्त्री छताकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "मी वाट बघत होतो, साहेब. तुम्ही 'या' म्हणाल म्हणून."

त्यांनी मास्क परत नाकावर ओढला आणि डोळे मिटले.